भिंतीआडचं काम आणि कागदावरची सही

बाथरूमची भिंत फोडली तेव्हा मी तिथेच उभा होतो. पलीकडच्या झोपायच्या खोलीत भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे सुटले होते आणि कुबट वास येत होता. आधी सगळ्यांना वाटलं, नळाचा सांधा गळत असेल. मग शॉवरखाली रंगीत पाणी सोडून पाहिलं. तासाभरात तो रंग पलीकडच्या खोलीत उतरला. दोन टाइल काढल्या, मग चार. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर चढवलेलाच नव्हता. आतलं सिमेंट ओलं गच्च होतं, बोटाने खरवडलं तरी सुटून येत होतं.

घरमालकीण बाई फाइल घेऊन आल्या. त्यात त्याच कामाचं प्रमाणपत्र होतं. काम मानकाप्रमाणे पूर्ण झालं आहे, असा मजकूर आणि खाली परवानाधारकाचं नाव, क्रमांक, तारीख, सही. बाईंनी एकच विचारलं, "ह्यांनी हे बघितलं होतं का?" कोणीच बोललं नाही. काम करणारी मुलं वेगळी होती. सही करणारा माणूस त्या घरात कधी आलाच नव्हता.

तक्रार झाली. दोन वर्षांनी पत्र आलं की संबंधिताला समज देण्यात आली आहे आणि दंड आकारण्यात आला आहे. दंड सरकारजमा झाला. भिंत बाईंनी त्याआधीच पदरचे पैसे घालून दुरुस्त करून घेतली होती. सही करणाऱ्याचा परवाना चालू होता, आणि मधल्या दोन वर्षांत त्याने आणखी किती घरांच्या कागदांवर सह्या केल्या, हे त्या पत्रात नव्हतं.

तेव्हापासून बिल्डर आणि प्लंबर यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई कशी होते, हे मी जमेल तसं वाचत आलो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की या यंत्रणा चूक आणि खोटं यांत पुरेसा फरक करत नाहीत. हात चुकला तर माणसाला शिकवा आणि काम दुरुस्त करून घ्या. पण न पाहता 'पाहिलं' अशी सही केली असेल, तर परवाना काढून घ्या, तोही पहिल्याच खेपेला.

हे टोकाचं वाटेल. म्हणून परवाना असतो कशासाठी, इथून सुरुवात करतो.

घराच्या कामातलं जे खरं महत्त्वाचं, ते जवळजवळ सगळं झाकलं जातं. सळया काँक्रीटमध्ये जातात, पाइप भिंतीत जातात, सांडपाण्याची नळी मातीखाली जाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मानकात 100 मिलिमीटर व्यासाच्या मलवाहिनीला किमान साठास एक ढाळ लागतो, म्हणजे सहा मीटरच्या लांबीत दहा सेंटिमीटर. हा ढाळ नुसत्या नजरेला कळत नाही. लेव्हल लावावी लागते, आणि चर बुजवल्यावर लेव्हल लावायला जागा उरत नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जमिनीखालची मलवाहिनी बुजवण्याआधी प्लंबरला ती तपासणीसाठी नोंदवावी लागते. चर तोवर उघडा ठेवायचा.

प्लंबिंगकडे लोक किरकोळ काम म्हणून बघतात, याचं मला वाईट वाटतं. 2003 मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीतले तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली जो यू-ट्रॅप असतो, त्यातलं पाणी अनेक घरांत सुकून गेलं होतं. एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने मैल्याच्या नळीतली दूषित हवा त्या वाटेने घरात आली, हे संसर्ग पसरण्याचं एक मुख्य कारण तपासात पुढे आलं. हे उदाहरण मी कोणाच्या गैरवर्तनाचं म्हणून देत नाही. वाकड्या नळीत अडून राहिलेलं दोन-तीन बोटं पाणी शेकडो माणसं आणि रोग यांच्यामध्ये उभं असतं, एवढंच मला दाखवायचं आहे. ते पाणी तिथे राहील की नाही, हे नळी बसवणाऱ्याच्या हातात असतं, आणि घरात राहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

जे राहणाऱ्याला दिसू शकत नाही ते एका जाणत्या माणसाने पाहिलं आहे, अशी हमी सरकार परवान्यातून देतं. परवानाधारकाने प्रमाणपत्रावर सही केली की ती हमी त्या घरापुरती लागू होते. व्हिक्टोरियात 750 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं प्लंबिंगचं काम झालं की परवानाधारक प्लंबरने पूर्तता प्रमाणपत्र द्यायचं असतं. घर विकलं तरी तो कागद घराबरोबर जातो. पुढचा मालक त्याच्यावरच विसंबून घर घेतो.

आता कारवाईची पद्धत बघू. व्हिक्टोरियाचं उदाहरण घेतो, कारण तिथे बिल्डर, बांधकामाला परवानगी देणारे सर्व्हेयर आणि प्लंबर हे सगळे एकाच नियामकाच्या अखत्यारीत येतात. 2016 पर्यंत बिल्डरांच्या शिस्तीचा निवाडा एक वेगळं मंडळ करत असे. ते बरखास्त झालं आणि नियामकानेच 'कारणे दाखवा' नोटीस काढून निर्णय घ्यायचा, अशी पद्धत आली. नोटिशीत आरोप आणि प्रस्तावित शिक्षा दोन्ही लिहिलेल्या असतात. समोरच्याला उत्तराची मुदत मिळते, मग निर्णय होतो, आणि तो मान्य नसेल तर फेरविचार किंवा लवादाकडे दाद. शिक्षांची उतरंड अशी: समज, सक्तीचं प्रशिक्षण, परवान्यावर अटी, दंड, तीन वर्षांपर्यंत निलंबन, आणि शेवटी नोंदणी रद्द. लोकांना तातडीचा धोका असेल तर चौकशीआधीच निलंबित करायचाही अधिकार आहे. न्यूझीलंडमध्ये निवाडा आजही मंडळच करतं. तिथे निलंबन बारा महिन्यांपर्यंत आणि दंड 10,000 डॉलरपर्यंत होऊ शकतो.

कागदावर ही रचना चांगली आहे, आणि तिच्यामागचा विचारही योग्य आहे. शिस्तभंगाची कारवाई सूड म्हणून करायची नसते, ती लोकांच्या संरक्षणासाठी असते, असं त्या देशांतल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मला हे मनापासून मान्य आहे. पण मग लोकांना धोका कोणापासून जास्त आहे, याच मापाने शिक्षा मोजायला हवी. इथे यंत्रणेची नजर चुकते, असं मला वाटतं.

एक उदाहरण बारकाईने घेतो. गरम पाण्याच्या टाकीत पाणी 60 अंशांवर साठवावं लागतं, नाहीतर त्यात लिजिओनेलाचे जंतू वाढू शकतात. पण एवढं गरम पाणी बाथरूमच्या नळाला आलं तर म्हाताऱ्या माणसाची किंवा लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह बसवतात. तो थंड पाणी मिसळून बाथरूममधलं तापमान 50 अंशांच्या आत ठेवतो. व्हॉल्व्ह बसवल्यावर नळ सोडायचा, पाण्याखाली थर्मामीटर धरायचा, आकडा बघायचा आणि लागलं तर स्क्रू फिरवून जुळवायचा. पाच-दहा मिनिटांचं काम.

समजा, एका घरात कोणीतरी भाजलं. तपासणीत दिसलं की नळाला 58 अंशांचं पाणी येत होतं. एका शक्यतेत प्लंबरने मोजलं होतं, पण त्याचा थर्मामीटर बिघडलेला होता किंवा त्याने टाकी पुरती तापायच्या आतच मोजलं. दुसऱ्या शक्यतेत त्याने मोजलंच नाही, थर्मामीटर पेटीतून निघालाच नाही, आणि कागदावर 48 लिहून टाकलं. भाजलेल्या माणसासाठी दोन्हींत फरक नाही. फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्यालाही दोन्हीकडे कलम एकच दिसेल: काम मानकाप्रमाणे नाही. पण यातला पहिला माणूस शिकवला तर उद्या नीट मोजेल. दुसऱ्याने आजवर भरलेला एकही आकडा आता खरा धरता येत नाही. त्याच्यामुळे धोका आहे तो एका घराला नाही, त्याची सही असलेल्या प्रत्येक घराला आहे.

असं असताना कारवाई कशावर होते? जे सिद्ध करायला सोपं आहे त्यावर. प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, नोंद दाखल केली नाही, अमुक कागद जोडला नाही. न्यूझीलंडमध्ये ठरावीक महत्त्वाच्या कामांनंतर परवानाधारकाने 'कामाची नोंद' मालकाला आणि स्थानिक प्राधिकरणाला द्यायची असते. ती दिली नाही म्हणून झालेल्या कारवाया तिथल्या मंडळाच्या निर्णयांत नेहमी दिसतात. ती नोंद बिनमहत्त्वाची आहे असं मी म्हणत नाही. काम कोणी केलं हे वीस वर्षांनी शोधायची वेळ आली तर तोच एक दुवा असतो. पण ज्याने नोंद उशिरा दिली तो सापडतो, आणि ज्याने वेळेवर, स्वच्छ अक्षरात, खोटी नोंद दिली तो सुटतो. कागद वेळेवर आला की यंत्रणेचं समाधान होतं. आत काय आहे ते बघायला भिंत फोडावी लागते, आणि कारण असल्याशिवाय कोणी भिंत फोडत नाही.

या कागदी समाधानाची किंमत व्हिक्टोरियाने फार पूर्वीच पाहिली आहे. 2011 मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी बांधकाम परवान्यांचा, म्हणजे इमारत बांधायला दिलेल्या परवानग्यांचा, नमुना तपासला. तपासलेल्या परवान्यांपैकी 96 टक्के परवाने कायद्याने ठरवलेल्या किमान निकषांना उतरत नव्हते. परवाने देणारे सर्व्हेयर नोंदणीकृत होते, नियामकही होता. त्या अहवालानंतर आधीची संस्था गेली आणि 1 जुलै 2013 पासून नवं प्राधिकरण आलं.

खोटी सही सिद्ध कशी करणार, हा प्रश्न रास्त आहे. माणसाच्या मनात शिरता येत नाही. पण माझ्या मते हा पुरावा भिंत न फोडताही मिळतो, कारण तो नियामकाच्याच कपाटात पडलेला असतो. सगळी प्रमाणपत्रं त्याच्याकडेच तर जमा होतात. एका माणसाने एका दिवशी किती कामं स्वतः पाहिल्याचं लिहिलं आहे? ती ठिकाणं एकमेकांपासून किती लांब आहेत? दहा घरांतला पाण्याच्या दाबाचा आकडा दशांशापर्यंत सारखाच कसा? सहीच्या तारखेला तो परदेशी तर नव्हता? एकेक कागद सुटा पाहिला तर त्यात काही दिसत नाही. वर्षभराचे कागद शेजारी शेजारी मांडले की न पाहता सही करणारा आपोआप उठून दिसतो. यंत्रणा तक्रारीची वाट बघत बसते, आणि तक्रार येते ती पाणी झिरपून खालचं सिमेंट भुसभुशीत झाल्यावर. स्वतःकडचे कागद वाचायला तिला कोणाच्या तक्रारीची गरज नाही.

सहीचं वजन किती असतं, हे दोन प्रकरणांतून मला कळलं.

पहिलं प्रकरण हाँगकाँगचं. 2015 च्या जुलैमध्ये काय चिंग या सार्वजनिक वसाहतीच्या पिण्याच्या पाण्यात शिसं सापडलं. मग इतर वसाहती तपासल्या आणि एकूण 11 वसाहतींत प्रमाण मर्यादेबाहेर निघालं. पाइपचे सांधे जोडताना शिसं असलेलं सोल्डर वापरलं होतं. नियमाने त्याला बंदी होती. सोल्डर म्हणजे तारेचं एक रीळ, खिशात मावणारं. शिसं असलेलं आणि शिसंविरहित रीळ शेजारी ठेवलं तर दिसायला फारसा फरक नसतो, शिशाचं मात्र वितळायला सोपं. त्या कामांवर कंत्राटदार होता, उपकंत्राटदार होता, देखरेख करणारी सरकारी गृहसंस्था होती, पाणीखातं होतं, आणि कायद्याने सही करायला बांधलेला परवानाधारक प्लंबर होता. हस्तांतराआधी पाण्याच्या चाचण्याही झाल्या होत्या, पण त्यांत शिशाची चाचणीच नव्हती. 2016 च्या चौकशी अहवालाने या प्रकाराला सर्व घटकांचं सामूहिक अपयश म्हटलं. मला त्यातला 'सामूहिक' हा शब्द बोचतो. तो खरा आहे, पण शिस्तभंगाच्या कारवाईत तोच सगळ्यांची ढाल होतो. वरचा बघेल असं खालच्याने धरलं, खालच्याने बघितलं असेल असं वरच्याने. सांध्याजवळ वाकून रीळावरचं लेबल वाचायचं काम कोणाच्याच वाट्याला उरलं नाही. परवाना नावाची गोष्ट याच क्षणासाठी असते. एका माणसाने म्हणायचं की हे मी पाहिलं आहे आणि चुकलं तर मला विचारा.

दुसरं प्रकरण मेलबर्नमधल्या लाक्रोस इमारतीचं. 25 नोव्हेंबर 2014 च्या पहाटे आठव्या मजल्याच्या बाल्कनीत नीट न विझवलेल्या सिगारेटने आग लागली आणि बाहेरच्या भिंतीवरच्या ज्वालाग्राही पॅनेलांवरून काही मिनिटांत इमारतीच्या माथ्यापर्यंत चढली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. 2019 मध्ये लवादाने घरमालकांना 57 लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. भरपाई द्यायची बिल्डरने, पण त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही. जबाबदारीची वाटणी अशी झाली: अग्निसुरक्षा अभियंता 39 टक्के, बांधकाम परवाना देणारा सर्व्हेयर 33 टक्के, वास्तुविशारद 25 टक्के, आणि उरलेले 3 टक्के सिगारेट टाकणाऱ्याचे. म्हणजे 97 टक्के जबाबदारी तिघा सल्लागारांची. यांपैकी कोणीही एकही पॅनेल उचलून भिंतीला लावलं नव्हतं. त्यांनी कागद तपासायचे होते आणि सह्या करायच्या होत्या. भरपाईच्या कायद्याला सहीचं वजन असं टक्क्यांत मोजता येतं, तर शिस्तीच्या कायद्याला ते का येऊ नये?

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. सगळ्यात जड आक्षेप न्यायाचा आहे. परवाना जाणं म्हणजे माणसाची रोजीरोटी जाणं. पंधरा-वीस वर्षं एकच धंदा केलेला माणूस दुसरं काय करणार? त्याच्यावर अवलंबून असलेल्या कामगारांचं काय? तक्रार करणारा नेहमी सच्चा असतो असंही नाही. शेवटचा हप्ता बुडवायला तक्रार करणारे मालक असतात, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. म्हणून नोटीस, उत्तर, सुनावणी, अपील या पायऱ्यांतली एकही मला कमी करायची नाही. आरोप 'तू मुद्दाम खोटं लिहिलंस' असा असेल तर पुरावाही त्याच तोलाचा हवा. माझा आग्रह वेळेबद्दल आहे. चौकशी दोन वर्षं चालणार असेल तर त्या दोन वर्षांत संशयिताच्या सहीवर दुसऱ्या कोणाची तरी सही लागली पाहिजे. काम त्याने करावं, पैसे कमवावेत, पण प्रमाणपत्र दुसऱ्या परवानाधारकाने जागेवर येऊन तपासल्याशिवाय चालू नये. परवान्यावर अटी घालायचा अधिकार बहुतेक नियामकांकडे आहेच. यात कोणाची चूल विझत नाही आणि नवं घरही धोक्यात जात नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी धास्ती बसली तर चांगली माणसं परवानाच घेणार नाहीत, आणि कामं बिनपरवान्याच्या माणसांकडे जातील. मी उलट बघितलं आहे. जो प्लंबर चर उघडा ठेवून तपासणीसाला थांबतो, त्याचा अर्धा दिवस जातो. जो प्रत्येक नळाला थर्मामीटर लावतो, त्याचा वेळ जातो. त्याचं बिल साहजिकच थोडं जास्त येतं. शेजारच्या गल्लीत घरी बसून सह्या करणारा असेल तर ग्राहक त्याच्याकडे जातो, कारण कागद दोघांचाही सारखाच दिसतो. खोट्या सहीची झळ सगळ्यात आधी प्रामाणिक कारागिराला लागते, आणि ती वर्षानुवर्षं लागते. ढिल्या शिस्तीने धंदा सोडून गेलेली चांगली माणसं कोणी मोजत नाही. आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं? ज्याचा उस्ताद न बघता सही करतो त्या शिकाऊ पोराच्या मनात तीच धंद्याची रीत म्हणून बसते.

परवानाच नसलेल्या व्यवस्थेत काय होतं, तेही दिसलेलं आहे. इंग्लंडमध्ये गॅसच्या कामाला नोंदणी सक्तीची आहे, पण साधा बिल्डर व्हायला परवाना लागत नाही. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. त्यानंतर सात वर्षांनी, 2024 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने बांधकामासाठी एकच नियामक असावा आणि जास्त धोक्याच्या इमारतींच्या मुख्य कंत्राटदारांना परवाना सक्तीचा करावा, अशी शिफारस केली. ज्याच्याकडे परवानाच नाही त्याचा काढून काय घेणार?

दुरुस्तीचा मुद्दा मात्र मी आक्षेपांत घालत नाही, तो माझा स्वतःचा आहे. त्या बाईंची भिंत मला अजून आठवते. शिस्तभंगाची कारवाई पूर्ण झाली, सगळ्या पायऱ्या नीट पार पडल्या, आणि त्यांच्या घरात एक टाइलसुद्धा बदलली नाही. शिस्त एका कार्यालयात, वाद दुसऱ्या कार्यालयात, विमा तिसरीकडे. प्रत्येक खिडकीवर तेच फोटो, तीच फाइल, तीच कहाणी. हमुराबीच्या संहितेचं 229 वं कलम सगळे सांगतात: घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. त्यानंतर चारच कलमांनी, 233 व्या कलमात, मला जास्त शहाणपण दिसतं. भिंत नीट बांधली नसेल आणि कलायला लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यावी. पावणेचार हजार वर्षांपूर्वी भिंत आणि जबाबदारी एकाच वाक्यात होती.

हे तुटलेलं परत जोडायचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. सिडनीत 2018 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ओपल टॉवरला तडे गेल्याने रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. सहा महिन्यांनी मॅस्कॉट टॉवर्समध्ये तेच झालं. मग न्यू साउथ वेल्स राज्याने 2020 मध्ये कायदा करून नियामकाला एक साधा पण धारदार अधिकार दिला. गंभीर दोष दिसला तर इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्रच रोखायचं. भोगवटा नाही तर ताबा नाही, आणि ताबा नाही तर विकासकाचे पैसे अडकले. दोष मग भिंत झाकायच्या आत दुरुस्त होतो. व्हिक्टोरियाने 1 जुलै 2025 पासून परवाने, तक्रारी आणि घरबांधणीचा विमा एका नव्या आयोगाखाली आणला. सोबत झालेल्या कायद्याने ताबा दिल्यानंतरही दहा वर्षांपर्यंत दुरुस्तीचे आदेश काढायची सोय केली. मला हा बदल दंडाच्या कोणत्याही वाढीपेक्षा मोलाचा वाटतो. अर्थात 2013 मध्येही पाटी बदलली होती. नव्या आयोगाने पहिल्या वर्षी किती दुरुस्ती आदेश काढले आणि त्यांतल्या किती घरांत खरोखर गवंडी पोचला, हे दोन आकडे त्याने छापावेत.

कंपनीच्या आड लपण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. आदेश आला की कंपनी बुडवायची आणि त्याच माणसांनी, त्याच ट्रकवर नवं नाव रंगवून, दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं. कारवाई माणसाच्या नावावर चढली पाहिजे, संचालकाच्याही. आणि दुसऱ्याला वापरायला आपला परवाना देणाऱ्यावर तीच कारवाई व्हावी जी खोट्या सहीवर व्हावी, कारण गोष्ट एकच आहे.

राहिली नोंदवही. न्यूझीलंडच्या सार्वजनिक नोंदवहीत परवानाधारकावर गेल्या तीन वर्षांत झालेली कारवाई दिसते, नंतर ती निघते. चुकीसाठी ही मुदत मला योग्य वाटते. सुधारलेल्या माणसाच्या पाठीला जुनी चूक जन्मभर चिकटवू नये. खोट्या प्रमाणपत्रासाठी तीन वर्षं फार कमी आहेत, कारण वॉटरप्रूफिंगचा दोष कितीदा त्यानंतरच भिंतीवर उमटतो. आणि त्या नोंदीत आज जे लिहितात ते मालकाच्या काही कामाचं नसतं. 'अमुक कलमाचा भंग, समज देण्यात आली.' यातून कोणाला काय कळणार? तिथे साध्या भाषेत लिहावं: शॉवरच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग नव्हतं, जागेवर न जाता प्रमाणपत्र दिलं, अमुक तारखेला दुरुस्ती झाली किंवा झालेली नाही.

आणि ज्या दिवशी खोटी सही सिद्ध होईल, त्या दिवशी नियामकाने त्या माणसाच्या मागच्या सगळ्या प्रमाणपत्रांची यादी काढावी आणि त्यांतल्या प्रत्येक घरी पत्र पाठवावं. तुमच्या घराचं हे काम ज्याने तपासल्याचं लिहिलं होतं त्याच्या सहीवर आता आमचा भरवसा नाही, आम्ही पुन्हा तपासायला येत आहोत, तारीख कळवा, खर्च आमचा. खर्च त्या माणसाकडून किंवा सगळे परवानाधारक फी भरतात त्या निधीतून घ्यावा. त्या बाईंच्या फाइलमधल्या प्रमाणपत्रावर छापील क्रमांक होता. त्याच्या आगेमागे त्याच सहीची किती प्रमाणपत्रं किती फाइलींत असतील, आणि त्या घरांतल्या लोकांना अजून वास आलेला नसेल.